एकच मुक्काम, मोजके राउंड: दक्षिण स्पेनच्या गोल्फ सहलीची आखणी

दक्षिण स्पेनला गोल्फ खेळायला जायचं ठरलं की चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच रात्री कोर्सची लांबलचक यादी पडते. वाल्देरामा, फिंका कोर्तेसिन, सोतोग्रांदे, लास ब्रिसास. मग कुणीतरी सेव्हिल आणि हेरेस घुसवतो आणि एकजण म्हणतो, आलोच आहोत तर ग्रानाडाचा आल्हाम्ब्रा राजवाडाही उरकून घेऊ. नावं सगळी चांगलीच आहेत. पण ती यादी तशीच्या तशी घेऊन निघालात तर निम्मी सुट्टी महामार्गावर जाईल आणि उरलेल्या निम्म्यात खांदे भरून आलेले असतील.

आंदालुसिया प्रांतात शंभराहून जास्त कोर्स आहेत आणि त्यांतला मोठा हिस्सा मालागा ते सोतोग्रांदे या सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या किनारपट्टीवर आहे. म्हणजे चांगला कोर्स शोधायला लांब जावं लागत नाही. माझं मत सरळ आहे: आधी मुक्काम ठरवा, मग महिना, मग एकच महागडा कोर्स, आणि बाकीचे राउंड (अठरा होलांचा एक खेळ म्हणजे एक राउंड) त्याच्या भोवती बसवा. विमानाचं तिकीट त्यानंतर.

मुक्काम कुठे?

किनाऱ्याचे खेळाडूच्या सोयीने तीन तुकडे पडतात.

पहिला, विमानतळाजवळचा: तोर्रेमोलिनोस, बेनालमादेना, फुएंगिरोला, मिहास. हॉटेलं स्वस्त आणि गर्दी भरपूर. विमानतळावरून फुएंगिरोलापर्यंत लोकल गाडीही जाते. मिहास गोल्फचे लोस लागोस आणि लोस ओलिवोस हे दोन कोर्स आणि डोंगरात वसलेला ला काला रिसॉर्ट (याचे तीन कोर्स, नावं अमेरिका, आशिया आणि युरोप) इथून जवळ पडतात. खर्चाला आवर घालायचा असेल तर हा भाग उत्तम.

दुसरा, मार्बेया ते एस्तेपोना. मार्बेयाला रेल्वे स्टेशन नाही, हे नकाशा बघताना लक्षात येत नाही. गाडी किंवा बस एवढाच पर्याय. पण खेळायच्या दृष्टीने ही जागा मधोमध आहे. मार्बेयाच्या पश्चिमेला नुएवा आंदालुसिया नावाची वस्ती आहे. तिथल्या खोऱ्यात लास ब्रिसास, आलोआ आणि लोस नारान्होस हे कोर्स एकमेकांना खेटून आहेत. पश्चिमेला अर्ध्या तासावर फिंका कोर्तेसिन, पूर्वेला तेवढ्याच अंतरावर मिहास. ग्रुपमध्ये कुणाची बायको किंवा नवरा खेळत नसेल, तर त्यांना दिवसभर करायला काहीतरी असणारी जागाही हीच. जुना गाव, समुद्रकाठची फरसबंदी, दुकानं, सगळं पायी.

तिसरा, सोतोग्रांदे. मालागा विमानतळापासून साधारण एकशे दहा किलोमीटर. इथे वाल्देरामा, रेआल क्लुब दे गोल्फ सोतोग्रांदे, ला रेसेर्वा, आल्मेनारा आणि सान रोके, सगळे दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात. खेळ हेच एकमेव काम असेल आणि संध्याकाळी नऊनंतर शांतता चालणार असेल, तर याहून चांगली जागा किनाऱ्यावर नाही. न खेळणाऱ्या माणसाला मात्र इथे तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मार्बेया-एस्तेपोना सांगतो. सोतोग्रांदे तिथून तास-पाऊण तासावर आहे, एक दिवस जाऊन येता येतं. मालागात तीन रात्री, सोतोग्रांदेत तीन रात्री असा दोन मुक्कामांचा बेत कागदावर छान दिसतो, पण चार गोल्फ बॅगा आणि चार सुटकेस दोनदा बांधायच्या, दोनदा उतरवायच्या आणि मधला एक अर्धा दिवस चेक-आउट आणि चेक-इनमध्ये घालवायचा असा त्याचा अर्थ आहे.

सेव्हिल, हेरेस, चिक्लाना, वेल्वा या बाजूला उत्तम कोर्स आहेत. सेव्हिलचा रेआल क्लुब ओलाथाबालने आखलेला आहे आणि २००४ चा वर्ल्ड कप तिथे झाला. हेरेसजवळचा मोंतेकास्तियो जॅक निकलॉसचा. पण ती वेगळी सहल आहे. किनाऱ्याच्या सहलीला ती जोडू नका.

महिना

आपल्याकडच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या इथल्या हंगामाशी जुळतात, हे एक बरं आहे. मे महिन्यात हवा कोरडी असते, ऊन असतं पण भाजत नाही, आणि संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो. दिवाळीच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दिवस लहान होतात पण हवा अजून मऊ असते. मार्च-एप्रिलही चांगलाच, फक्त होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, हॉटेलांचे भाव चढतात आणि शहरांत मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात.

पावसाचं सांगायला हवं. या किनाऱ्याचं नाव 'कोस्ता देल सोल', म्हणजे 'सूर्यकिनारा', असलं तरी शरदात इथे मुसळधार पडू शकतो. सप्टेंबर १९९७ च्या अखेरीस वाल्देरामाला रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका) झाला, युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिलाच, तेव्हा पहिल्या सकाळचा खेळ पावसामुळे लांबला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच कोर्सवरची आंदालुसिया मास्टर्स स्पर्धा पावसापायी चौपन्न होलांवर आटोपावी लागली. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरला जाणार असाल तर आठवड्यात एक दिवस मोकळा ठेवा. पाऊस आला तर बुडालेला राउंड त्या दिवशी सरकवता येतो, नाही आला तर फिरायला जाता येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटं गणित असतं. आपल्याकडे पावसाने कोर्स बंद, म्हणून अनेकांना हेच महिने सुचतात. तेव्हा ग्रीन फी (कोर्सवर खेळण्याचे पैसे) उतरलेली असते, पण समुद्रकिनाऱ्याच्या हंगामामुळे हॉटेलं महाग, आणि मालागाच्या बाजूला डोंगराकडून 'तेर्राल' नावाचा कोरडा, गरम वारा सुटला की दुपारी खेळणं म्हणजे शिक्षा. जायचंच असेल तर सकाळी आठच्या आतली टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घ्या.

डिसेंबर-जानेवारीत दिवसा सोळा-सतरा अंश असतात, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यातल्या सकाळसारखी हवा. अडचण उजेडाची. स्पेनची घड्याळं सूर्याच्या पुढे चालतात, त्यामुळे डिसेंबरात उजाडायला सव्वाआठ होतात आणि सहाला काळोख. दोन वाजता टी घेतली तर अठरावा होल अंधारात.

गवताचंही एक वेळापत्रक असतं आणि ते ट्रॅव्हल एजंट सांगत नाही. किनाऱ्यावरच्या बऱ्याच फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) बर्म्युडा गवताच्या आहेत. हे गवत थंडीत झोपतं आणि तपकिरी पडतं. म्हणून शरदात काही क्लब त्यावर रायग्रासचं बी पेरतात. त्या काळात फेअरवेवर बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) न्यायला बंदी, काही ठिकाणी कोर्सच काही दिवस बंद. ग्रीन्समध्ये (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतात) भोकं पाडून वाळू भरण्याचं कामही वसंतात आणि शरदात होतं. बुकिंगची ईमेल लिहिताना एक ओळ टाका: आमच्या तारखांच्या आसपास ग्रीन्सचं एरेशन किंवा ओव्हरसीडिंग आहे का? उत्तर सहसा प्रामाणिक मिळतं.

सोतोग्रांदेकडे जाल तसा वाऱ्याचा विषय मोठा होतो. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत पूर्वेकडून येणारा तो 'लेवांते', दमट आणि हट्टी. पश्चिमेकडून येणारा 'पोनिएंते', कोरडा आणि गार. एकाच कोर्सचा एकच होल सोमवारी सात नंबरचा आयर्न मागतो आणि बुधवारी हायब्रिड. आदल्या संध्याकाळी हवामानाच्या ॲपवर फक्त पाऊस बघू नका, वाऱ्याची दिशाही बघा.

महागडा राउंड कोणता?

बहुतेकांचं उत्तर वाल्देरामा असतं आणि त्याला कारण आहे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी १९७४ मध्ये आखलेला हा कोर्स १९८० च्या दशकात हाइमे ओर्तिझ-पातिन्यो यांनी मित्रांसह विकत घेतला, नाव बदललं आणि युरोपातला सर्वांत नीट राखलेला कोर्स अशी त्याची ख्याती केली. आपल्यासाठी त्याचं वेगळं महत्त्व आहे. २००६ चा व्होल्वो मास्टर्स जीव मिल्खा सिंगने इथेच जिंकला, सर्जिओ गार्सिया, ल्यूक डोनल्ड आणि पॅड्रिग हॅरिंग्टन यांना एका फटक्याने मागे टाकून. चार दिवसांचा त्याचा स्कोअर होता २८२, पार-७१ च्या कोर्सवर पारच्या (ठरवून दिलेल्या फटक्यांच्या) फक्त दोन खाली. विजेता दोन खाली, यावरून कोर्सचा स्वभाव कळावा.

लांबी हा इथला प्रश्न नाही. फेअरवे अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंनी बुचाच्या ओक झाडांच्या फांद्या आत वाकलेल्या आहेत. दुसऱ्या होलच्या फेअरवेत तर एक झाड मधोमध उभं आहे. बॉल फेअरवेवर पडूनही ग्रीन दिसत नाही, असं इथे होतं. फेअरवेची कोणती बाजू हे टीवर उभं असतानाच ठरवावं लागतं. ग्रीन्स लहान आणि वेगवान. चौथा पार-५ सुंदर आहे, ग्रीनच्या उजव्या अंगाला तळं आणि धबधबा. सतरावा त्याहून जास्त गाजलेला: ग्रीनच्या पुढे पाणी आणि ग्रीनची पुढची कड पाण्याकडे उतरती. १९९९ मध्ये टायगर वुड्सचा बॉल तिथे ग्रीनवरून मागे घरंगळत पाण्यात गेला, त्याने तिथे आठ घेतले, आणि तरी नंतर मिगेल आंगेल हिमेनेथला प्लेऑफमध्ये हरवलं. वीसच्या वर हँडिकॅप असेल, म्हणजे राउंडला साधारण पारपेक्षा वीसहून जास्त फटके लागत असतील, तर तिसरा फटका पाण्याच्या अलीकडे थांबवा आणि चौथ्यावर वेज खेळा. फोटो तसाही छान येतो.

क्लब खासगी आहे. पाहुण्यांना रोज मोजक्याच टी टाइम मिळतात आणि ग्रीन फी चारशे युरोच्या पुढे. बुकिंग थेट क्लबकडे करा आणि तीन-चार महिने आधी करा. याच तारखेवर बाकीची सहल टांगलेली असते.

मग प्रश्न असा की ते पैसे वसूल होतात का. दहा-पंधराच्या हँडिकॅपला, नक्की. अठ्ठावीसच्या हँडिकॅपला चार तास झाडांतून आडवे फटके मारत बाहेर येण्यात किती मजा आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं. अशा ग्रुपला मी फिंका कोर्तेसिन सुचवतो. कासारेसजवळचा हा कोर्स कॅबेल रॉबिन्सन यांचा, २००६ चा. २०२३ मध्ये सॉल्हाइम कप (महिलांची युरोप विरुद्ध अमेरिका लढत) इथे झाला, १४-१४ अशी बरोबरी झाली आणि स्पेनच्याच कार्लोता सिगांदाने निर्णायक पॉइंट मिळवून चषक युरोपकडे राखला. मागच्या टीवरून तो प्रचंड लांब आहे, पण पुढच्या टीवरून फेअरवे रुंद आणि उदार वाटतात. चढउतार मोठे आहेत. ग्रीन फीमध्ये बग्गी धरलेली असते, आणि ती लागतेच.

लास ब्रिसास हा तिसरा दावेदार. ट्रेंट जोन्सचाच, १९६८ चा, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अदिती अशोकने महिलांची स्पॅनिश ओपन इथे जिंकली. पाणी पुष्कळ, ग्रीन्स उंचावलेली, झाडांची बाग म्हणावी अशी राखण. इथेही पाहुण्यांच्या वेळा ठरावीक असतात, म्हणून लवकर विचारा.

बाकीचे राउंड निवडताना नावाकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघा. लागोपाठ दोन डोंगराळ कोर्स नकोत. पहिल्या दिवसासाठी मला पारादोर मालागा आवडतो. १९२५ चा, या किनाऱ्यावरचा सर्वांत जुना कोर्स, समुद्राला लागून, सपाट. विमानतळ इतका जवळ की डोक्यावरून विमानं जातात आणि पटिंगच्या वेळी तुमचंच विमान आठवतं. कोर्सवरच हॉटेल आहे, त्यामुळे उशिरा उतरलात तर पहिली रात्र तिथे काढून सकाळी खेळून मार्बेयाला जाता येतं. मुक्काम एकच ठेवण्याच्या माझ्या हट्टाला एवढा अपवाद चालेल. समुद्राकाठच्या खेळाची चव हवी असेल तर सोतोग्रांदेच्या पलीकडे आल्काइदेसाला ला हासिएंदाचा लिंक्स कोर्स आहे. तिथून जिब्राल्टरचा खडक समोर दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर आफ्रिकेचे डोंगरही.

बुकिंग आणि हिशेब

टी टाइम मागताना हँडिकॅप सर्टिफिकेट लागेल असं धरून चला. इंडियन गोल्फ युनियनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममधला इंडेक्स तिथे चालतो; आपल्या क्लबकडून इंग्रजीत पत्र किंवा ॲपवरच्या इंडेक्सचा पीडीएफ घ्या आणि फोनमध्ये ठेवा. बऱ्याच क्लबांत पुरुषांना २८ आणि स्त्रियांना ३६ अशी मर्यादा असते, काही ठिकाणी त्याहून कडक. रिसॉर्टचे कोर्स सहसा विचारत नाहीत, जुने क्लब विचारतात.

भावाचा अंदाज: साध्या, व्यवस्थित कोर्सवर ६० ते १०० युरो, चांगल्या नावाजलेल्यांवर १२० ते २००, आणि वर सांगितलेले दोन-तीन त्याच्याही वर. तीन राउंड शंभराचे, एक दोनशेचा आणि एक वाल्देरामा असं धरलं तर माणशी नऊशे युरोच्या पुढे नुसती ग्रीन फी होते. आकडे हंगामानुसार आणि विमानाच्या तिकिटासारखे दिवसागणिक हलतात. खर्च कमी करायच्या दोन वाटा आहेत. एक, दुपारनंतरचा ट्वायलाइट दर. मे-जूनमध्ये उजेड इतका असतो की तीनला सुरू करूनही राउंड आरामात संपतो. दोन, चौघांचं पॅकेज, ज्यात दोन बग्गी धरलेल्या असतात. बग्गी वेगळी घेतली तर चाळीस-पन्नास युरो सहज जातात, म्हणून भाव विचारताना 'बग्गीसह' असा विचारा, नाहीतर तुलना फसते.

व्हिसा, विमान, किट

भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. स्पेनसाठी अर्ज बीएलएसच्या केंद्रात करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि नियमाने किमान पंधरा दिवस आधी, पण मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं हीच शर्यत असते, म्हणून अडीच-तीन महिने आधी तारीख धरा. फी प्रौढांना ९० युरो, वर केंद्राचा सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी चालू असावा आणि दोन पानं कोरी असावीत. कव्हरिंग लेटरमध्ये गोल्फची सहल असं साफ लिहा आणि टी टाइमच्या पावत्या जोडा. हॉटेलच्या तारखांशी त्या जुळल्या की सहलीचा हेतू आपोआप दिसतो.

मुंबईहून मालागाला थेट विमान नाही. इस्तंबूल, फ्रँकफर्ट, झुरिक, पॅरिस असे एका थांब्याचे मार्ग आहेत, नाहीतर माद्रिदला उतरून आवे या वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत मालागा. निवड करताना एक गोष्ट बघा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर ही रांग कनेक्शनच्या मधल्या वेळात लागते. इस्तंबूलमार्गे गेलात तर मालागाला उतरल्यावर, म्हणजे पुढचं विमान चुकण्याची भीती नाही. शेंगेनमधून जायचंच असेल तर मधे तीन तास ठेवा.

किट न्यायचं की भाड्याने घ्यायचं? मालागा विमानतळावर क्लब भाड्याने देणाऱ्यांची दुकानं आहेत आणि ब्रँडेड सेट आधी ऑनलाइन निवडून ठेवता येतो. एअरलाइन गोल्फ बॅग चेक-इन सामानात धरते की तिचं वेगळं बिल लावते, हे तिकिटाच्या आधी बघा. काही विमानांत दुसऱ्या टप्प्यावर वेगळा नियम लागतो. तीनच राउंड असतील तर भाड्याचा सेट बरा. पाच असतील तर आपलाच पटर हातात असावा. ड्रायव्हरचं हेड काढून मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवा, सगळ्या शाफ्टपेक्षा उंच अशी एखादी जाड काठी मधे उभी करा म्हणजे बॅग डोक्यावर आपटली तर मार काठी खाते. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि सुट्या बॅटऱ्या केबिनच्या सामानात. बॉल थोडे जास्त न्या. प्रो-शॉपमध्ये भाव बघून वाईट वाटतं.

गाडी

गाडीशिवाय ही सहल होत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. भाड्याच्या गाडीची अनामत चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर लागते, डेबिट कार्डावर बरेचदा नाही. वाहतूक उजवीकडून. हायवेवर त्याची सवय अर्ध्या तासात होते. खरा गोंधळ गोल चौकात होतो, तिथे मागे बसलेल्याने 'डावीकडून येणारा आधी' असं मोठ्याने म्हणत राहावं.

डिकीचा विचार कुणी करत नाही. साध्या एसयूव्हीत दोन गोल्फ बॅगा आणि दोन सुटकेस बसतात, चार नाही. चौघे असाल तर नऊ आसनी व्हॅन घ्या किंवा दोन छोट्या गाड्या. किनाऱ्याला समांतर दोन रस्ते आहेत: ए-७ फुकट आणि गर्दीचा, एपी-७ टोलचा आणि मोकळा. सकाळची टी टाइम असेल तर टोल भरा. राउंडनंतर जेवायला किनाऱ्यावर थांबलात तर क्लब्ज काचेतून दिसतील असे ठेवू नका.

कॅडी नाही

महाराष्ट्रातून जाणाऱ्या खेळाडूला सगळ्यांत मोठा बदल हा जाणवतो, आणि त्याच्यावर कुणी फारसं लिहीत नाही. चेंबूरला, येरवड्याला किंवा नाशकात खेळताना बॅग कॅडी उचलतो, अंतर तो सांगतो, रफमधला बॉल त्याला आधी दिसतो, बंकर तोच सारखा करतो आणि पटची लाइनही त्याच्याच बोटाने ठरते. स्पेनमध्ये क्लबच्या खिडकीवर 'कॅडी मास्टर' अशी पाटी असते. तिथे बग्गी, ट्रॉली आणि रेंजच्या बॉलची टोकनं मिळतात, कॅडी नव्हे.

म्हणून निघण्याआधी घरच्या कोर्सवर एक-दोन राउंड तालमीचे करा. कॅडीला बरोबर घ्या, त्याचे पूर्ण पैसे द्या, पण अंतर आणि लाइन विचारू नका, आणि बंकरचा रेक स्वतः हातात घ्या. पहिल्याच दिवशी कळेल की बंकरमधून बाहेर यायला एक फटका आणि वाळू सारखी करायला दोन मिनिटं लागतात. पाय मागे टाकत, रेक ओढत, ज्या बाजूने उतरलात त्याच बाजूने बाहेर. दांडा कडेला ठेवायचा की आत, हे क्लबगणिक बदलतं. आधीच्या ग्रुपने कुठे ठेवलाय ते बघा.

बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं. झाडांत गेला असं वाटलं तर लगेच प्रोव्हिजनल (राखीव दुसरा बॉल) खेळा, परत टीवर चालत येण्याची वेळ आणू नका. जो तयार आहे त्याने मारावं. मार्शल मागे येतो तो पहिल्यांदा हसून बोलतो, दुसऱ्यांदा घड्याळ दाखवतो. सव्वाचार-साडेचार तासांत राउंड व्हायला हवा.

अंतरं मीटरमध्ये असतात. आपल्या बहुतेक कोर्सवर यार्डांची सवय, त्यामुळे खांबावर १५० वाचून नेहमीचा क्लब काढला की बॉल पंधरा यार्ड अलीकडे पडतो, आणि वाल्देरामाच्या सतराव्यावर अलीकडे म्हणजे पाण्यात. साधा हिशेब: मीटरच्या आकड्यात दहा टक्के मिळवा की यार्ड आले. रेंजफाइंडर एकदाच मीटरवर किंवा यार्डावर लावा आणि ग्रुपमध्ये सगळ्यांचा एकच ठेवा, नाहीतर 'किती आहे?' या प्रश्नाला दोन उत्तरं येतात. पाहुणे पुरुष सहसा पिवळ्या टीवरून खेळतात, स्त्रिया लाल टीवरून. पांढरी टी स्पर्धेची.

आणखी बारीकसारीक: कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नको. बॉल कुणाच्या दिशेने गेला तर स्पॅनिश खेळाडू 'बोला!' असं ओरडतात. ते ऐकू आलं की डोकं खाली. बऱ्याच कोर्सना प्रक्रिया केलेलं सांडपाणी दिलं जातं, म्हणून नळावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही. बाटली क्लबहाउसमधून भरून घ्या.

पोटाची सोय

जेवणाच्या वेळा उशिराच्या. दुपारचं दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. सकाळच्या टीनंतर दोनला क्लबहाउसमध्ये 'मेनू देल दिया' घेतला तर कमी पैशांत पोटभर होतं. नवव्या होलजवळच्या टपरीवर बटाट्याच्या ऑम्लेटचा 'तोर्तिया' घातलेला पाव मिळतो, तो खेळताना हातात धरून खाता येतो.

शाकाहारी मंडळींनी फक्त 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण हॅमचे तुकडे तिथे मसाल्यासारखे वरून भुरभुरले जातात. 'सिन खामोन, सिन कार्ने, सिन पेस्कादो' असं तिन्ही सांगा. साल्मोरेहो हे टोमॅटोचं दाट गार सूप येतं तेव्हा त्यावर हॅम आणि अंडं असतं. न घालता मागवा. अंडंही चालत नसेल तर गास्पाचो, भाज्यांचा पिस्तो, पालक-काबुली चण्याचा पदार्थ आणि वांग्याच्या तळलेल्या चकत्यांवर उसाची काकवी घालून देतात तो प्रकार. तो शेवटचा चुकवू नका. मासे खाणाऱ्यांना सांगायला नको: मालागाच्या किनाऱ्यावर सार्डिन सळईत ओवून लाकडाच्या निखाऱ्यावर भाजतात, तारल्या खाणाऱ्या कोकणी माणसाला तिथून उठवणं अवघड जातं.

आठ दिवस कसे मांडावेत

पहिला दिवस पोहोचण्याचा. टी टाइम घेऊ नका, बॅग उशिरा येऊ शकते. दुसऱ्या दिवशी पारादोर मालागा किंवा मिहास, सपाट आणि माफ करणारा. तिसऱ्या दिवशी नुएवा आंदालुसियातला आलोआ किंवा लोस नारान्होस. चौथा दिवस मोकळा. रोंडा हे दरीच्या काठावरचं गाव मार्बेयाहून तासाभराच्या घाटरस्त्यावर आहे, घाट लागणाऱ्यांनी पुढे बसावं. आल्हाम्ब्राचा हट्ट धरलाच असेल तर तो याच दिवशी, जायला-यायला मिळून चार तास धरून; तिकिटं नावानिशी असतात, आठवडेच्या आठवडे आधी संपतात आणि दाराशी मूळ पासपोर्ट मागतात. पाचव्या दिवशी महागडा राउंड. तेव्हा अंगात खेळ भिनलेला असतो, मीटरची सवय झालेली असते आणि आदल्या दिवशी खांद्यांना विश्रांती मिळालेली असते. पावसाने पाचवा बुडालाच तर क्लबशी बोलायला अजून दोन दिवस हाताशी असतात, म्हणून तो शेवटी ठेवायचा नाही. सहाव्या दिवशी आल्काइदेसा, दुपारच्या दराने. सातव्या दिवशी ज्याला हवं त्याने नऊ होल, बाकीच्यांनी समुद्र. आठव्या दिवशी परत.

परतीच्या आदल्या रात्री बुटांचे स्पाइक्स ब्रशने घासून मोकळे करा आणि बूट बाल्कनीत वाळवा, ओली माती बॅगेत गेली की मुंबईच्या दमट हवेत तिला वास सुटतो. प्रो-शॉपमध्ये खरेदी केली असेल तर दुकानातच कर-परताव्याचा डिजिटल फॉर्म मागून घ्या. २०१८ पासून स्पेनमध्ये त्याला किमान रकमेची अट नाही. मालागाहून थेट इस्तंबूलला उडणार असाल तर मालागा विमानतळावरच्या 'दिवा' (DIVA) नावाच्या यंत्रावर तो फॉर्म स्कॅन करून घ्या, आणि हे काम बॅगा चेक-इन करण्याआधी करा. यंत्राने लाल दिवा दाखवला तर अधिकारी वस्तू बघायला मागतो, आणि नवा ड्रायव्हर तोवर पट्ट्यावरून आत गेलेला असला तर दाखवायला काही उरत नाही.